घरबसल्या सुट्टी

सुट्टी हा शब्द मी नोकरीची छत्तीस वर्षं ऐकला, पण खरं सांगायचं तर शाळेला सुट्टी लागली की ती मला कधी लागत नसे. दिवाळीच्या सुट्टीत सहामाहीच्या पेपरांचा गठ्ठा आणि चकलीचा सोऱ्या एकाच टेबलावर. मे महिन्यात कुरडयांचा चीक, सांडगे, पापड, वर्षाचं तिखट, आणि नणंदांची मुलं धरून घरात पंधरा माणसं. नाताळात सहल. म्हणजे चाळीस मुलींची डोकी मोजत गड चढायचा आणि उतरताना पुन्हा मोजायची. गणपतीच्या सुट्टीबद्दल तर बोलायलाच नको. नुसतं घरात बसायचं, वाचायचं, सिनेमा बघायचा आणि कुणी काही विचारायचं नाही, अशी सुट्टी पुरुषांना असते असं मी ऐकून होते.

तर अशी सुट्टी मला यंदा मिळाली. पंचाहत्तरीत! तीही बर्फाच्या कृपेने.

माझी लेक गेली अठरा वर्षं बॉस्टनच्या पश्चिमेला एका लहान गावात राहते. आजवर मी यायचे ती उन्हाळ्यात. यंदा ती म्हणाली, "आई, एकदा थंडीत ये. कराडच्या घरात एकटी काय करतेस?" एकटी मी पुष्कळ काही करते, पण ते तिला पटत नाही. शेवटी नोव्हेंबरात आले.

इथल्या म्हणजे मॅसॅच्युसेट्समधल्या शाळांना फेब्रुवारीत आठवडाभर सुट्टी असते. महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी 'प्रेसिडेंट्स डे' असतो, मूळची ती जॉर्ज वॉशिंग्टनच्या जयंतीची सुट्टी, आणि तिला जोडून पुढचा अख्खा आठवडा. थंडीला कंटाळलेली मंडळी त्या आठवड्यात फ्लोरिडाला पळतात. जावयांनीही तिकिटं बघून ठेवली होती. मी म्हटलं, "तुम्ही खुशाल जा. माझे गुडघे विमानतळावरच्या रांगेत उभे राहणार नाहीत." बारा वर्षांच्या नातीचं तोंड एवढंसं झालं. लेकीचं मात्र खुललं! तिलाही कुठे जायचं नव्हतं, फक्त तसं म्हणायला कुणीतरी हवं होतं. घरीच राहायचं ठरलं.

पहिल्याच रात्री बर्फ सुरू झाला. पहाटे साडेचारला नेहमीप्रमाणे जाग आली आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. बराच वेळ कळेना. मग लक्षात आलं, आवाजच नाही. लांबच्या हमरस्त्यावरच्या गाड्यांची जी घरघर चोवीस तास असते ती नाही, वारा नाही, कुत्रं नाही. कानात दडा बसल्यासारखं झालं. पडदा सरकवला तर बाहेर उजेड! चंद्र नव्हता, पण जमीनच उजळलेली. कुंपणाच्या खांबांवर पांढऱ्या टोप्या, आणि अंगणातलं टेबल बघून तर मला आमच्या गावच्या हलवायाची आठवण झाली. कुणीतरी भलीमोठी बर्फी थापून ठेवावी तसं.

सकाळी जावयांनी समजावलं ते असं. ताज्या बर्फाच्या कणांमध्ये पुष्कळ हवा अडकलेली असते आणि त्या पोकळ्यांत आवाज जिरतो. कापसाच्या गादीत जिरावा तसा. पुढे तोच बर्फ वितळून, पुन्हा गोठून कडक झाला की आवाज उलट त्यावर आपटून परत येतो. म्हणून ही शांतता पहिल्या एक-दोन दिवसांचीच. मग मी ती चुकवली नाही. दोन दिवस पहाटे उठून नुसती खिडकीशी बसले.

मराठीच्या बाईला एक गोष्ट मात्र खटकली. नातीने विचारलं, "आजी, स्नोला मराठीत काय म्हणतात?" मी म्हटलं, बर्फ. "मग आइसला?" बर्फच. तिला हसू आवरेना. हिम, तुषार वगैरे पुस्तकातले शब्द आहेत, पण घरात कोण म्हणतं? तेच पाऊस विचारला असता तर! भुरभुर, रिमझिम, पिरपिर, सर, झड, वळीव, अवकाळी, मुसळधार... ज्याचं जे नशीब. आमच्या सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या बाजूला थंडीत कधी दव गोठतं, की लगेच दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. तेवढंच आमचं हिम.

रस्ते साफ करायला इथे ट्रक येतात, त्यांना पुढे लोखंडी फाळ लावलेला असतो. त्यालाही नांगरच म्हणतात, आणि हा शब्द मला फार आवडला. बर्फाची नांगरट! नांगरून झालं की मीठ टाकतात. मिठामुळे पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो, त्यामुळे शून्याच्या थोडं खालीसुद्धा रस्त्यावर पाणीच राहतं, बर्फ धरत नाही. नात हे शाळेत शिकली होती, पण मी तिला आइस्क्रीमच्या पॉटची गोष्ट सांगितली तेव्हा तिला ते खरं कळलं. मे महिन्यात आमच्या अंगणात लाकडी पॉट, मधल्या डब्यात आटवलेलं दूध, आणि भोवती बर्फ नि खडेमीठ. पोरांनी पाळीपाळीने दांडा फिरवायचा. मीठ घालायचं ते बर्फ वितळावा म्हणून, आणि वितळताना तो डब्यातली उष्णता ओढून घेतो म्हणून आतलं दूध गोठतं. तिथे आम्ही मीठ टाकून गोठवत होतो, इथे हे मीठ टाकून वितळवतात, आणि शास्त्र एकच.

नातीने मला आणखी एक खेळ शिकवला. काळा कागद आधी बाहेर गार करायचा, त्यावर पडता बर्फ झेलायचा आणि भिंगातून बघायचा. कणाकणाला सहा पाकळ्या. पाण्याचे रेणू गोठताना षटकोनात जुळतात, म्हणून सहाच. शेजारच्या व्हरमाँट राज्यात विल्सन बेंटली नावाचा एक शेतकरी होऊन गेला. त्याने १८८५ साली सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून हिमकणाचा पहिला फोटो काढला आणि पुढे जन्मभर पाच हजारांवर फोटो काढत राहिला. गावातले लोक काय म्हणत असतील ते आपण ओळखू शकतो. गाई सोडून हा बर्फाचे फोटो काढतोय!

असो. पहिल्या दिवशी मी कामं शोधत होते हे कबूल करायला हवं. भांडी मशीनमध्ये, कपडे मशीनमध्ये, झाडू मारायला एक गोल यंत्र स्वतःच घरभर फिरतं. मी डाळींचे डबे पुसायला घेतले. लेक म्हणाली, "आई, बस ना जरा!" आणि हे म्हणताना ती स्वतः कपाटाचे खण आवरत होती. हा गुण कुणाचा, ते सांगायला नको. शेवटी जावयांनी दोघींच्या हातातून फडकी काढून घेतली आणि सोफ्याकडे बोट दाखवलं. त्यांनी चहा केला. आलं किसून घातलं होतं, चांगला झाला होता.

येताना मी दोन पुस्तकं आणली होती. एक शांता शेळक्यांचं 'चौघीजणी' आणि दुसरं दुर्गाबाई भागवतांचं 'वॉल्डनकाठी विचारविहार'. तुम्ही म्हणाल, तेवीस किलोच्या बॅगेत चिवडा-लाडू सोडून पुस्तकं कशाला? कारण ही दोन्ही पुस्तकं मूळची इथलीच आहेत. लेकीच्या घरापासून गाडीने अर्ध्या तासावर कॉन्कॉर्ड नावाचं गाव आहे. लुईसा मे अल्कॉटने 'लिटल विमेन' तिथे १८६८ साली लिहिलं, आणि त्याच गावच्या वॉल्डन तळ्याकाठी थोरो १८४५ पासून दोन वर्षं झोपडी बांधून राहिला. आमच्या मराठीतल्या दोन विदुषींनी एकाच लहानशा गावातली दोन पुस्तकं उचलून आणली, हे मला इथे येईपर्यंत ध्यानात आलं नव्हतं. आता ती माहेरी घेऊन यावीत असं वाटलं, एवढंच.

'चौघीजणी'ची आमची प्रत अगदी जीर्ण आहे. लेक तिसरीत असताना कराडच्या एका ग्रंथप्रदर्शनात घेतलेली. ती आधी आमच्या ह्यांनी लेकीला वाचून दाखवली. रात्री मी पेपर तपासत असायची, आणि आतल्या खोलीत बापलेकीचं वाचन चालायचं. हे सहकारी बँकेत होते. दिवसभर आकडे, पण रात्री ज्योच्या तोंडचं वाक्य ज्योच्या आवाजात आणि मार्मीचं मार्मीच्या! मला बाहेर ऐकू यायचं आणि मार्कांची बेरीज चुकायची. पुढे मीही ते पुस्तक नववीच्या मुलींना ऑफ तासाला वाचून दाखवू लागले. पुस्तक नाताळच्या दिवसांत सुरू होतं. चौघी बहिणी आपला नाताळचा नाश्ता उचलून एका गरीब कुटुंबाला नेऊन देतात. आमच्या मुलींनी ना बर्फ पाहिलेला, ना घरातली शेगडी भिंतीत असते हे माहीत. पण ताटातलं उचलून दुसऱ्याला द्यायचं हे त्यांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही. शांताबाईंच्या मराठीचाही तो गुण. एमीचा नाकावरचा राग असा उतरलाय की ती आमच्या गल्लीतलीच वाटावी.

सुट्टीत आम्ही असं केलं. नातीने इंग्रजी पुस्तक घ्यायचं, मी मराठी, आणि एकेक प्रकरण आपापलं वाचून मग गप्पा. तिला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. एमी नदीवरचा पातळ बर्फ फुटून पाण्यात पडते ते प्रकरण आम्ही खिडकीशी बसून वाचलं, आणि समोर दोन फुटी बर्फ. नात म्हणाली, "आजी, हे आपल्याकडे झालंय असंच वाटतं." मी म्हटलं, आपल्याकडेच झालंय, अर्ध्या तासावर.

मागच्या उन्हाळ्यातल्या मुक्कामात मी कॉन्कॉर्डचं ते घर पाहिलं होतं. ऑर्चर्ड हाउस. आता तिथे संग्रहालय आहे. लुईसाच्या खोलीत दोन खिडक्यांच्या मध्ये भिंतीला एक अर्धगोल फळी लावली आहे, तेच तिचं लिहायचं टेबल. तिच्या वडिलांनी करून दिलेलं. केवढंसं ते! मी वर्गात हजेरीपट ठेवायची तेवढंच. मुलींसाठी पुस्तक लिहायची तिची मुळीच इच्छा नव्हती. प्रकाशक मागे लागला आणि घरात पैशांची गरज होती म्हणून लिहिलं. आणखी एक गोष्ट तिथे कळली ती मनातून जाईना. पुस्तकातली बेथ म्हणजे लुईसाची खरी बहीण लिझी. ती १८५८च्या मार्चमध्ये गेली, बावीस वर्षांची. हे लोक या घरात राहायला आले ते त्यानंतर काही महिन्यांनी. म्हणजे ज्या घरात बसून लुईसाने बेथ लिहिली, त्या घरात लिझी कधी राहिलीच नाही.

बुधवारी संध्याकाळी नातीने सिनेमा लावला. 'लिटल विमेन'वर बरेच सिनेमे निघालेत, आम्ही पाहिला तो २०१९चा, ग्रेटा गर्विगने दिग्दर्शित केलेला. चित्रणही इकडचंच. सगळे एका पांघरुणात. जावई शेंगदाणे भाजून घेऊन आले. सिनेमात काळ मागेपुढे होतो आणि पहिल्यांदा माझा गोंधळ उडाला. नातीने सांगितलं, "आजी, रंग बघ. पिवळट असेल तर लहानपण, निळसर असेल तर आत्ता." मग सोपं गेलं. बेथचं आजारपण त्यांनी दोनदा एकापाठोपाठ दाखवलंय. पहिल्या वेळी ज्यो सकाळी उठते, अंथरूण रिकामं, ती घाबरून जिन्यावरून खाली येते, तर बेथ टेबलाशी बसलेली. बरी झालेली. दुसऱ्या वेळी तोच जिना, तीच ज्यो, आणि खाली आई एकटी.

लेकीने टीव्ही थांबवला. मला वाटलं पाणी प्यायला उठते आहे. पण ती उठली नाही. म्हणाली, "आई, बाबांनी मला हे कधी वाचूनच दाखवलं नाही."

मला कळेना. मी म्हटलं, "म्हणजे?"

"बेथ मरते ते. त्यांनी ती पानं गाळली. माझ्या गोष्टीत बेथ बरीच होती. ती घरी पियानो वाजवत असायची."

नातीने विचारलं, "मग तुला कळलं कधी?"

"नववीत. आजीने वर्गात वाचलं तेव्हा."

चाळीस मुलींमध्ये माझी मुलगीही बसलेली असायची. माझ्या वर्गात ती मला 'बाई' म्हणायची, बाकीच्यांसारखीच. त्या दिवशी ती उभी राहून "बाई, पाणी पिऊन येऊ?" म्हणाली होती, आणि बराच वेळ आली नव्हती. हे मला आठवत होतं! का आठवत होतं ते मात्र त्या बुधवारपर्यंत कळलं नव्हतं.

"बाबांना सांगितलंस?" मी विचारलं.

"नाही. त्यांना वाटत होतं मला माहीत नाही. म्हटलं, वाटू दे."

मी आत जाऊन आमची प्रत घेऊन आले. त्या पुस्तकात काही पानांच्या कडेला पेन्सिलीचे बारीक ठिपके आहेत. मी इतकी वर्षं समजत होते की कुठल्यातरी विद्यार्थिनीने केले. उघडून बघितलं. बेथचं शेवटचं प्रकरण जिथे सुरू होतं तिथे एक ठिपका, आणि नंतर जिथून पुन्हा वाचायला घ्यायचं तिथे दुसरा. बँकेतला माणूस! कुठून कुठे उडी मारायची ते आधी बघून, खूण करून ठेवलेली. आयत्या वेळी अडखळायला नको.

आता जे लिहिते ते नातेवाइकांपैकी काहींना ठाऊक आहे. हे २०२१च्या मे महिन्यात गेले, करोनाच्या दुसऱ्या लाटेत. अकरा दिवस दवाखान्यात होते. मला आत सोडत नव्हते, कुणालाच सोडत नव्हते. अंत्यसंस्कार नगरपालिकेच्या माणसांनी केले. मी फाटकाबाहेर रिक्षात, आणि लेक इकडे फोनवर. तिला येता आलं नाही. नात तेव्हा सात वर्षांची. त्यानंतर आम्ही मायलेकी रोज रात्री नऊ वाजता फोनवर बोलत आलो, एक दिवस चुकला नाही. बोलायचं ते रक्तदाबाच्या गोळीवर, दूधवाल्यावर, नातीच्या परीक्षेवर. त्या अकरा दिवसांवर कधी नाही. तिने विचारलं नाही, मी काढलं नाही.

त्या रात्री नात झोपल्यावर तिने विचारलं, "शेवटचं काय बोलले ग ते?"

मी सांगितलं. नवव्या दिवशी एका नर्सने स्वतःचा फोन त्यांच्या कानाला लावून दिला होता. पाण्याची टाकी भरली का, विचारलं. विजेचं बिल फ्रीजवर आहे म्हणाले. आणि मग म्हणाले, "तिला ऑक्सिजनचा आकडा सांगू नकोस. बरं आहे म्हण." आणि मी तसंच म्हणत राहिले होते. बरं आहे, सुधारणा आहे, सूप प्यायले.

लेक म्हणाली, "मला माहीत होता आकडा. मी रोज पहाटे डॉक्टरांना फोन करत होते. त्यांनाच सांगितलं होतं, आईला नि बाबांना कळू देऊ नका म्हणून."

बाहेर नांगराचा ट्रक येऊन गेला. त्याचा पिवळा दिवा भिंतीवरून फिरला. मग तिने मला ते प्रकरण वाचायला सांगितलं, ठिपक्यापासून ठिपक्यापर्यंत. मी वाचलं. माझ्या वर्गातल्या आवाजात नाही, तो आवाज आता राहिलेला नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून पिवळ्या दिव्यात अक्षर जरा तरंगतं, त्यामुळे हळूहळू. ती यावेळी पाणी प्यायला गेली नाही. वाचून झाल्यावर आम्ही दोघी रडलो, मग भूक लागली, मग उरलेला गोडा मसाल्याचा भात गरम करून रात्री एक वाजता खाल्ला. वर तूप.

गुरुवारी सगळेच उशिरा उठले. उठून पाहते तर सूर्य! बर्फावरचं ऊन डोळ्याला सोसवत नाही, काळा चष्मा लावून चहा प्यायले. छपराच्या कडेला हातभर लांब बर्फाच्या सुया लोंबत होत्या, त्या जावई काठीने पाडत होते. म्हणाले, "आई, हा काही बर्फ नव्हे. बर्फ २०१५ साली होता." त्या हिवाळ्यात बॉस्टनला एकूण एकशे आठ इंचांवर, म्हणजे नऊ फूट बर्फ पडला. शहरातला बर्फ उचलून ज्या मोकळ्या जागेत ढीग घातला होता, तो ढीग पूर्ण वितळला तो १४ जुलैला! आषाढाचे दिवस असतात हो तेव्हा आपल्याकडे.

दुपारी मी दुर्गाबाईंचं पुस्तक उघडलं. थोरोने त्यात वॉल्डन तळ्यावरचा बर्फ कापायला आलेल्या मजुरांचं वर्णन केलंय, १८४६-४७च्या थंडीतलं. करवती घेऊन शंभर माणसं आली आणि तळ्याच्या लाद्या कापून ढीग रचू लागली. हा व्यापार ट्यूडर नावाच्या बॉस्टनच्या माणसाने वाढवला. १८३३ साली त्याचं जहाज इथला बर्फ घेऊन कलकत्त्याला पोचलं. चार महिन्यांचा प्रवास, विषुववृत्त दोनदा ओलांडून, आणि तरी शंभर टनांच्या आसपास बर्फ शिल्लक! पुढे तो मुंबईला आणि मद्रासलाही जाऊ लागला. मद्रासचं बर्फघर तर अजून उभं आहे. विवेकानंद १८९७ साली त्याच इमारतीत राहिले होते, म्हणून आज ते त्यांच्या नावाने ओळखलं जातं. थोरोला या व्यापाराची गंमत वाटली. मुंबई-मद्रास-कलकत्त्याची माणसं माझ्याच तळ्याचं पाणी पितात, असा त्याचा हिशेब. आणि स्वतः तो झोपडीत बसून भगवद्गीता वाचत होता. नातीला मी हे सांगितलं तेव्हा तिने सरळ विचारलं, "म्हणजे आजी, तुझ्या आइस्क्रीमच्या पॉटात इथला बर्फ होता?" मी म्हटलं, तेवढी काही मी म्हातारी नाही.

शुक्रवारी दोन सिनेमे झाले. दुपारी 'अशी ही बनवाबनवी', १९८८चा. लेकीला त्याचे सगळे संवाद पाठ आहेत आणि ती नटांच्या आधी म्हणते. जावई कानडी, त्यांनाही आता निम्मे पाठ झालेत. रात्री चॅप्लिनचा 'गोल्ड रश'. १९२५चा सिनेमा, शंभर वर्षं होऊन गेली. निवड माझी. ह्यांचा आवडता, आणि भाषेचा प्रश्नच नाही. अलास्काच्या बर्फात भुकेलेला चार्ली बूट शिजवून खातो, नाडी सुतरफेणीसारखी गुंडाळून. तो बूट खरा नव्हता, ज्येष्ठमधाच्या गोडीचा केलेला होता. हे मी सांगितल्यावर नातीला तो बूट कुठे मिळतो ते हवं होतं. कड्याच्या टोकावर झोपडी डुलते त्या प्रसंगाला ती हसून हसून सोफ्यावरून खाली आली. लेकही हसत होती. मध्येच म्हणाली, "बाबा इथे टाळी द्यायचे." मी टाळी दिली.

शनिवारपर्यंत बर्फ मळकट झाला. कडेचे ढीग काळे पडले, आवाज परत आले. जावयांनी फ्लोरिडाचा विषय पुन्हा एकदा काढून बघितला, पुढच्या वर्षासाठी. नातच म्हणाली, "पुढच्या वर्षी पण घरीच."

सोमवारी शाळा उघडली. सात वाजता नात बसला गेली, लेक आणि जावई आपापल्या खोलीत कामाला बसले. आमचं वाचन अजून अर्धवट आहे. ज्यो न्यूयॉर्कला गेली आहे आणि प्रोफेसर नुकतेच भेटलेत. नातीला मी सांगून ठेवलंय की पुढे काय होतं ते मी सांगणार नाही आणि तिनेही सिनेमात पाहिलेलं मला सांगायचं नाही. संध्याकाळी साडेतीनला ती परत येईल. तोवर मी तिच्यासाठी अ, आ, इ, ई काढून ठेवते आहे, मोठ्या अक्षरात, त्याच काळ्या कागदावर पांढऱ्या खडूने.